मुकुट उतरवून ठेवण्याची जागा

१० सप्टेंबर १८९८, शनिवार. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात सरोवराकाठच्या एका हॉटेलातून काळी वस्त्रे परिधान केलेली एक उंच, सडपातळ स्त्री दुपारच्या बोटीसाठी बाहेर पडली. वय ६०. सोबत एकच मानकरीण. धक्क्याकडे जात असताना एक तरुण धावत तिच्या अंगावर आला. छातीवर जोराचा ठोसा बसल्यासारखे वाटून ती खाली पडली. लोकांनी तिला उठवले. तिने सर्वांचे आभार मानले, स्वतःला सावरले आणि बोट चुकू नये म्हणून ती चालत धक्क्यापर्यंत गेली. त्या माणसाला आपले घड्याळ हिसकावून घ्यायचे असावे, एवढाच तिचा समज झाला होता. बोट सुटल्यावर मात्र ती कोसळली. मानकरणीने तिच्या वस्त्रांचे बंद सोडले, तेव्हा आतल्या कपड्यावर रक्ताचा एक लहानसा डाग दिसला. धार लावलेल्या बारीक कानशीने तिच्या काळजाला छिद्र पडले होते. करकचून आवळलेल्या कॉर्सेटमुळे रक्त बाहेर न येता आतल्या आत झिरपत राहिले होते. बोट मागे वळवण्यात आली, तिला पुन्हा हॉटेलात आणण्यात आले. परंतु थोड्याच वेळात तिचा प्राण गेला.

ही स्त्री म्हणजे ऑस्ट्रियाची सम्राज्ञी आणि हंगेरीची राणी एलिझाबेथ. मारेकरी लुईजी लुकेनी हा इटालियन अराजकवादी होता. त्याचे तिच्याशी वैयक्तिक वैर नव्हते. कोणीतरी राजघराण्यातील व्यक्ती मारायची, एवढेच त्याने ठरवले होते, आणि नाव बदलून उतरलेली ती पाहुणी कोण आहे हे वर्तमानपत्रांतून फुटले होते.

या घटनेचा आम्ही पुष्कळदा विचार केला आहे. राजघराण्यांविषयीचे कुतूहल हे त्याचे कारण नव्हे. जखम काळजापर्यंत पोहोचलेली असताना उठून उभी राहणारी, भोवतालच्यांचे आभार मानणारी आणि वेळेवर पुढच्या कामाला लागणारी माणसे आम्ही आमच्या धर्मग्रामांतही पाहिली आहेत. रविवारच्या मिस्सेला ती पहिल्या दोन-तीन बाकांवर बसलेली असतात. त्यांच्याविषयी तीन प्रश्न आमच्या मनात वारंवार येतात. आतले दुःख झाकून हसरा चेहरा दाखवणे हे असत्य आहे काय? दुःखी माणसाला त्याच्या कर्तव्यातून सूट मिळते काय? आणि त्या हसऱ्या चेहऱ्याकडे कौतुकाने पाहणाऱ्या आपणा सर्वांचा त्या दुःखात काही वाटा असतो काय? सम्राज्ञी एलिझाबेथच्या आयुष्याच्या आधारे या प्रश्नांचा थोडा विचार करावा, असा आमचा मानस आहे.

एलिझाबेथचा जन्म २४ डिसेंबर १८३७ रोजी, नाताळच्या पूर्वसंध्येला, म्युनिक शहरात झाला. बव्हेरियाच्या राजघराण्याच्या एका शाखेत ती जन्मली. वडील घोड्यांचे शौकीन, दरबारी रीतिरिवाजांचा कंटाळा असलेले. स्टार्नबर्ग सरोवराकाठच्या पोसेनहोफेन येथील घरात मुले मोकळेपणी वाढली. ऑगस्ट १८५३ मध्ये बाड इश्ल या गावी तिचा मावसभाऊ, ऑस्ट्रियाचा तरुण सम्राट फ्रान्झ जोसेफ, आपला २३ वा वाढदिवस साजरा करीत होता. त्या निमित्ताने एलिझाबेथच्या थोरल्या बहिणीशी, हेलेनाशी, त्याचा वाङ्निश्चय व्हावा असे दोघांच्या माता ठरवून बसल्या होत्या. सम्राटाने मात्र १५ वर्षांच्या धाकटीला पसंत केले. ऑस्ट्रियाच्या सम्राटाला कोणी नकार देत नसते, असाच त्या काळच्या घराण्यांचा समज होता. पुढच्या वर्षी २४ एप्रिल १८५४ रोजी व्हिएन्नाच्या ऑगस्टिनियन चर्चमध्ये आर्चबिशप राऊशर यांच्या हस्ते विवाह झाला. वधू १६ वर्षांची होती. काचेच्या रथातून नगरप्रवेश करताना ती रडत होती, असे चरित्रकार लिहितात. रस्त्याच्या दुतर्फा जमलेल्या लोकांना रथ दिसला, मुकुट दिसला, रूप दिसले.

येथे एक धर्मगुरू या नात्याने आम्हांला थांबावेसे वाटते. विवाह हा संमतीने सिद्ध होतो, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. म्हणूनच आम्ही विवाहापूर्वी वधूला आणि वराला वेगवेगळे बसवून विचारतो : 'तुम्ही स्वखुशीने विवाह करीत आहात ना? तुमच्यावर कोणाचे दडपण नाही ना?' पुष्कळांना हा केवळ कागदोपत्री उपचार वाटतो. आम्हांला तसे वाटत नाही. उतारवयात एलिझाबेथने आपल्या जवळच्यांपाशी असे उद्गार काढले होते की, १५ वर्षांच्या पोरीला विकले जाते, ती अर्थ न समजता शपथ घेते आणि मग ती शपथ कधीही सोडता येत नाही. विवाहसंस्थेविषयीचा तिचा कडवटपणा आम्ही स्वीकारू शकत नाही. परंतु त्या कडवटपणामागचा सवाल ऐकून घेण्याची आमची तयारी असली पाहिजे. त्या मुलीला एकांतात बसवून, उत्तराची खरोखर वाट पाहत, कोणी विचारले होते काय?

सासू आर्चडचेस सोफी ही तिची सख्खी मावशी. कर्तबगार, धर्मनिष्ठ आणि कडक शिस्तीची. १८४८ च्या उठावांच्या धामधुमीत १८ वर्षांच्या मुलाला सिंहासनावर बसवण्यात तिचाच पुढाकार होता. नव्या सुनेला सम्राज्ञीपदाचे वळण लावणे हे आपले कर्तव्यच आहे, असे तिने मानले. १८५५ साली पहिली मुलगी झाली. तिला आजीचेच नाव देण्यात आले आणि पाळणाघरही आजीच्याच दालनांशेजारी ठेवण्यात आले. पुढल्या वर्षी दुसरी मुलगी गिझेला जन्मली, तिचेही तेच झाले. आईला मुलींना भेटायचे तर सासूच्या दालनाकडे जावे लागे आणि तेथे बहुधा कोणी ना कोणी बसलेले असे. अखेर १८५७ साली हंगेरीच्या दौऱ्यावर मुलींना बरोबर नेण्याचा हट्ट एलिझाबेथने जिंकला. प्रवासात दोघी मुली आजारी पडल्या. गिझेला बरी झाली. थोरली सोफी २९ मे रोजी बुडा येथे वारली. ती दोन वर्षांची होती. १९ वर्षांची ती आई स्वतःलाच दोष देत राहिली आणि त्यानंतर मुलांच्या संगोपनावरचा तिचा हक्क जवळजवळ मिटला. १८५८ साली युवराज रुडॉल्फ जन्मला, तोही आजीच्या देखरेखीखाली गेला.

मुलावरच्या हक्कासाठी एकदा मात्र ती उभी राहिली. लहानग्या रुडॉल्फला कणखर बनवण्यासाठी नेमलेला लष्करी शिक्षक त्याला घाबरवून सोडीत असे. तो पोर आजारी पडू लागला. १८६५ साली तिने पतीला लेखी निर्वाणीचा इशारा दिला की, मुलांच्या शिक्षणाचे आणि स्वतःच्या राहण्याचे निर्णय आपल्याच हाती असले पाहिजेत. शिक्षक बदलण्यात आला. एका आईला आपल्या मुलाविषयी बोलण्यासाठी असे पत्र लिहावे लागावे, यावरून त्या राजवाड्यात साधा संवाद किती उरला होता याची कल्पना येईल.

त्याच १८६५ साली विंटरहाल्टर या चित्रकाराने तिचे सुप्रसिद्ध चित्र रंगवले. शुभ्र पोशाख, घनदाट केसांत माळलेले हिऱ्यांचे तारे, खांद्यावरून मागे वळून पाहणारा शांत चेहरा. युरोपातील सर्वांत सुंदर राणी म्हणून तिची कीर्ती झाली. त्या कीर्तीची किंमत काय होती? केस घोट्यापर्यंत लांब. ते विंचरून बांधायला रोज दोन ते तीन तास लागत आणि ते धुण्यात सबंध दिवस जाई. केसांच्या ओझ्याने तिचे डोके दुखे. उंची सुमारे ५ फूट ८ इंच असूनही वजन ५० किलोच्या आसपास राहावे म्हणून ती दिवसच्या दिवस दूध आणि मांसाचा रस यांवर काढी. राजवाड्यातील स्वतःच्या दालनात तिने व्यायामाच्या कड्या टांगल्या होत्या, तासन्‌तास चालत असे, घोडदौड करीत असे. तिशी ओलांडल्यावर तिने छायाचित्रे काढू देणे बंद केले. लोक दिसताच चेहऱ्यापुढे पंखा धरी किंवा छत्री आडवी करी. ज्या चेहऱ्याने तिला कीर्ती मिळवून दिली, तोच चेहरा लपवण्यात तिचे पुढचे आयुष्य गेले.

फ्रेंच तत्त्वचिंतक पास्कल याने एक विचार मांडून ठेवला आहे. राजाभोवती माणसांचा जो गराडा असतो, तो त्याला स्वतःचा विचार करायला सवड मिळू नये म्हणून असतो. करमणुकीविना, एकटा सोडलेला राजा हाही इतरांइतकाच दुःखाने भरलेला माणूस असतो. एलिझाबेथच्या बाबतीत हे उलट बाजूनेही खरे ठरले. गराडा तिला असह्य झाला आणि एकांतही तिला पुरला नाही. मडेरा, कॉर्फू, इंग्लंड, आयर्लंड असा तिचा प्रवास चालूच राहिला. १८७१ साली, संत एलिझाबेथच्या सणाला येणाऱ्या आपल्या नामदिनानिमित्त भेट काय हवी, असे सम्राटाने विचारले. तेव्हा तिने बंगाली वाघाचा बच्चा किंवा गळ्यातले पदक असे काहीबाही सुचवून, सर्वांत आवडेल ते सर्व सोयींनी युक्त असे मनोरुग्णालय, असे कळवले. हे विनोदाने घेतले गेले. पण मनोरुग्णालयांना ती खरोखर भेटी देत असे, तेथील माणसांशी बोलत असे. जगाने ज्यांच्याशी बोलणे सोडले होते, त्यांच्यात तिला काहीतरी ओळखीचे दिसत असावे.

आणि तिने कविता लिहिल्या. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिने आपल्या मनातले सारे एका काव्यमय रोजनिशीत उतरवले. तिच्या हयातीत ती कोणी वाचायची नव्हती. १८९० साली तिने ती पेटीत बंद केली. ६० वर्षांनी ती स्विस संघराज्याच्या अध्यक्षांकडे सोपवावी आणि छपाईतून येणारा पैसा राजकीय कारणांनी छळ सोसणाऱ्यांच्या असहाय मुलांसाठी खर्चावा, अशी व्यवस्था केली. सोबतचे पत्र तिने भविष्यकाळातील एका अनोळखी आत्म्याला उद्देशून लिहिले. हे लिखाण ब्रिगिटे हामान या इतिहासकार स्त्रीने संपादित करून १९८४ साली प्रसिद्ध केले. वाचकहो, या गोष्टीकडे जरा थांबून पाहावे असे आम्हांला वाटते. कोट्यवधी प्रजेची सम्राज्ञी, पती जिवंत, मुली जिवंत, भावंडे जिवंत, दिमतीला असंख्य माणसे. आणि मनातले सांगण्यासाठी तिला न जन्मलेल्या माणसाला पत्र लिहावे लागले.

आता पहिला प्रश्न. दुःख झाकून हसणे हे असत्य आहे काय? सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचे नीतिशास्त्र शिकलो. खोटे बोलणे ते कधीच योग्य मानत नाहीत. परंतु सत्य विवेकाने झाकून ठेवणे याला ते खोटेपणा म्हणत नाहीत. आपले दुःख चारचौघांत न मांडणारी स्त्री लबाड नसते. मुलांच्या ताटात जेवण वाढताना डोळे पुसून हसणारी आई ढोंगी नसते. ते हसू म्हणजे प्रेमाचे कामही असू शकते. तेव्हा झाकलेले दुःख पाहून कोणाला दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

परंतु तेच संत थॉमस दुःखावरच्या उपायांचीही चर्चा करतात आणि ती अतिशय मानवी आहे. अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, इतकेच काय तर झोप आणि स्नान यांचाही ते त्यात समावेश करतात. अश्रूंविषयी त्यांचे म्हणणे असे की, आत कोंडलेली पीडा अधिक बोचते, कारण मन तिच्याभोवतीच गोळा होते. बाहेर वाट मिळाली की ती हलकी होते. मित्रांविषयी ते म्हणतात की, दुःख हे ओझ्यासारखे असते आणि सोबत दुःख करणारा मित्र ते ओझे आपल्यासोबत उचलीत आहे असे वाटते. म्हणजे दुःख सर्वांपासून झाकणे यात पाप नाही, पण ते कोणालाच न सांगता येणे यात धोका आहे. चारचौघांपुढे झाकलेले दुःख कुठेतरी एका माणसापुढे उघडता आले पाहिजे.

दुसरा प्रश्न अवघड आहे. एलिझाबेथवर अन्याय झाला हे खरे, पण तिच्याकडूनही अन्याय झाला. १८६७ साली हंगेरीची राणी म्हणून अभिषेक झाल्यानंतर पुढच्या वर्षी जन्मलेली धाकटी मुलगी मारी व्हॅलेरी हिच्यावर तिने सारी माया ओतली; गिझेला आणि रुडॉल्फ यांच्या वाट्याला त्यातले फार थोडे आले. पहाटे चारच्या सुमारास उठून कामाला बसणारा, एकसुरी पण निष्ठेने राबणारा फ्रान्झ जोसेफ तिच्यावर शेवटपर्यंत प्रेम करीत राहिला. त्याच्या अभ्यासिकेत मोकळ्या केसांतल्या एलिझाबेथचे चित्र टांगलेले होते. ती स्वतः मात्र महिनोन्‌महिने दूरदेशी असे. आणि ज्या मुलासाठी तिने १८६५ साली पत्र लिहिले होते, तो मोठा होता होता तिच्यापासून दूर गेला. ३० जानेवारी १८८९ रोजी मायरलिंग येथील शिकारघरात युवराज रुडॉल्फ आणि १७ वर्षांची मेरी व्हेत्सेरा यांचे मृतदेह सापडले. मृत्यूपूर्वी त्याने आईला पत्र लिहिले होते. वडिलांना लिहिले नव्हते. बातमी प्रथम एलिझाबेथला कळली आणि पतीला ती तिनेच सांगितली. त्यानंतर ती बहुतेक काळ्याच वस्त्रांत वावरली. सम्राटाने त्या शिकारघराच्या जागी कार्मेल भगिनींचा मठ उभारला.

दुःखाने माणसाचा दोष हलका होतो, पण त्याचे कर्तव्य नाहीसे होत नाही, असे आम्हांला वाटते. आईची आठवण काढणारे मूल आईच्या दुःखाची कारणे समजू शकत नाही. त्याला एवढेच कळते की आई नाही. जे दुःख घरात बोलले जात नाही, ते पुष्कळदा पुढच्या पिढीच्या खांद्यावर जाऊन बसते. आईला मन मोकळे करायला जागा नव्हती, मुलालाही ती सापडली नाही. ख्रिस्तसभा अशा मृत्यूंविषयी निवाडा देत नाही, मृतांना देवाच्या दयेवर सोपवते. आपणही तेच करावे.

सासूविषयीही न्यायाने बोलले पाहिजे. चित्रपटांनी आणि कादंबऱ्यांनी सोफीला खलनायिका करून टाकले आहे. १९५५ ते १९५७ या काळात निघालेल्या 'सिसी' चित्रपटमालिकेने तर सारे आयुष्यच गोड परीकथा करून टाकले. वास्तवात सोफी सुनेचा द्वेष करीत होती असे म्हणता येत नाही. आपण तिच्या भल्याचेच करीत आहोत अशी तिची खात्री होती. हीच तर अडचण असते. आपल्या घरांतील कित्येक सासवांची, आणि कित्येक सुनांचीही, अशीच खात्री असते. १८७२ साली सोफी मरणशय्येवर असताना एलिझाबेथ तिच्या उशाशी बसून राहिली होती. १८ वर्षांच्या कडवटपणानंतरचे ते बसणे आम्हांला तिच्या साऱ्या चित्रांपेक्षा सुंदर वाटते.

तिसरा प्रश्न पाहणाऱ्यांचा. आमच्या वाचकांपैकी ज्येष्ठांना २९ जुलै १९८१ चा लंडनमधील राजविवाह आठवत असेल. डायनाचा तो लांबच लांब पायघोळ साऱ्या जगाने पाहिला. ३१ ऑगस्ट १९९७ च्या पहाटे पॅरिसमध्ये मोटार अपघातात तिचा अंत झाला, तेव्हा तिच्या मागे छायाचित्रकार लागले होते. ती छायाचित्रे विकत घेणारे संपादक होते आणि ते अंक विकत घेणारे वाचक होते. १९९५ साली तिने दूरचित्रवाणीवर आपल्या संसाराचे दुःख उघड केले. ती मुलाखत मिळवताना तिच्या भावाची फसवणूक करण्यात आली होती, असा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने काढला. दुःखाबद्दल विचारणारा प्रत्येक माणूस ओझे उचलायलाच आलेला असतो असे नाही. काही जण ओझ्याचा बाजारभाव काढायला येतात. आपल्या गावात, आपल्या अंगणात, 'तिच्या घरी काय चाललंय कळलं का?' अशी जी सुरुवात होते, तीही याच जातीची. तेव्हा डोकावणे आणि विचारपूस करणे यांतला भेद आपण जाणला पाहिजे. डोकावणाऱ्याला बातमी हवी असते. विचारपूस करणाऱ्याला ते माणूस हवे असते आणि ऐकलेले तो पोटात ठेवतो.

या प्रश्नाचा विचार करताना आम्ही स्वतःला वगळू शकत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही समुद्रकिनाऱ्याजवळच्या एका धर्मग्रामात होतो. तेथे एका सुखवस्तू घराण्यातील सून गायनवृंदात गात असे. नीटनेटकी, हसतमुख, मुले शिस्तीची. पवित्र कुटुंबाच्या सणाला अर्पणविधीसाठी आम्ही त्याच कुटुंबाची निवड केली आणि प्रवचनात त्यांचा आदर्श म्हणून उल्लेखही केला. त्याआधीच्या आठवड्यात, नाताळच्या गडबडीत, ती सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन थांबली होती. म्हणाली, "फादर, पाच मिनिटं बोलायचं होतं." आम्ही हातातल्या याद्यांवरून नजर न काढता म्हणालो, "अगं, तुझं काय असणार? तुझं तर सगळं छान चाललंय! सण झाला की ये." ती हसली आणि गेली. पुन्हा आली नाही. दीड वर्षाने ती आजारी होऊन मुलांसह माहेरी परतली, तेव्हा त्या घरात तिने काय काय सोसले होते ते कळले.

आम्ही तिला भेटायला गेलो आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, "फादर, त्या दिवशी मी सांगितलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. पण तुम्ही सणाला आमचं नाव घेतलंत ना, त्यानंतर मला कुणालाच सांगता येईना." आम्ही निरुत्तर झालो. आमच्या स्तुतीने तिचे ओझे वाढवले होते. आम्ही तिच्या डोक्यावर एक मुकुट ठेवला होता आणि तो खाली ठेवण्याची जागा मात्र दिली नव्हती. इशायाच्या मुलांमधून राजा निवडताना शमुवेल संदेष्ट्याने जी चूक केली, तिच्यावर आम्ही कितीतरी प्रवचने दिली होती. ती चूक आम्हीच केली.

पवित्र शास्त्रात एस्तेर राणीची कथा आहे. आपल्या कॅथोलिक बायबलमधील या ग्रंथात तिची एक दीर्घ प्रार्थना येते. त्या प्रार्थनेत ती देवाला सांगते की, लोकांसमोर जावे लागते तेव्हा डोक्यावर जी राजचिन्हे धारण करावी लागतात, त्यांचा तिला तिटकारा आहे आणि एकांताच्या दिवसांत ती ती धारण करीत नाही. ती राणी प्रार्थनेत तरी हे बोलू शकली, हीच तिची शक्ती होती.

आणि सम्राज्ञी एलिझाबेथ जिच्या नावाचा सण आपला नामदिन म्हणून पाळत असे, ती हंगेरीची संत एलिझाबेथ. १२०७ साली जन्मलेली राजकन्या. थुरिंगियाच्या लुडविगशी १४ व्या वर्षी विवाह, २० व्या वर्षी वैधव्य, मारबुर्ग येथे गोरगरिबांसाठी रुग्णालय, २४ व्या वर्षी मृत्यू. योगायोग असा की, तिच्याही सासूचे नाव सोफी आणि तीही बव्हेरियाच्या त्याच घराण्यातली. तिच्याविषयी जुन्या चरित्रांत एक प्रसंग सांगतात. सणाच्या दिवशी पूर्ण राजवेषात ती चर्चमध्ये गेली. समोर क्रूसावरचा प्रभू, मस्तकी काट्यांचा मुकुट. तिने आपला सोन्याचा मुकुट काढून बाजूला ठेवला आणि गुडघे टेकले. हे राणीला शोभत नाही म्हणून सासूने तिला टोकले. परंतु तिला मुकुट उतरवण्याची जागा सापडली होती. शिवाय तिचा पती तिला समजून घेणारा होता. त्याच्यापुढेही तिला मुकुट घालावा लागत नसे.

संताशी तुलना करून सम्राज्ञीला कमी लेखावे असा आमचा हेतू नाही. एकीला जे लाभले ते दुसरीला लाभले नाही, एवढेच आम्ही म्हणतो. आणि ते लाभणे किंवा न लाभणे हे बरेचसे भोवतालच्या माणसांवर अवलंबून असते. प्रायश्चित्त संस्कारात ख्रिस्तसभेने अशी एक जागा राखून ठेवली आहे. तेथे सरदार आणि मजूर सारखेच गुडघे टेकतात आणि तेथे बोललेले कधीही बाहेर जात नाही. पण तेथे आपण पापे सांगतो. ज्यात आपले पाप नाही असे दुःख सांगण्यासाठी घर लागते. याकोबाच्या विहिरीवर प्रभू येशूने भर दुपारी एकट्या आलेल्या शोमरोनी स्त्रीला प्रथम तिच्या संसाराविषयी विचारले नाही. पिण्यासाठी पाणी मागितले. आधी संवाद जुळला, मग ती बोलली. आपणही घाई करू नये. विचारावे, थांबावे, आणि समोरच्याने सांगितले नाही तरी रागावू नये. 'तुझं काय, तुझं छान चाललंय,' हे वाक्य मात्र आपल्या बोलण्यातून काढून टाकावे. ते कौतुक वाटते, पण त्याने दार बंद होते.

व्हिएन्नातील कपुचिन चर्चखालच्या तळघरात आज फ्रान्झ जोसेफच्या एका बाजूला एलिझाबेथ आणि दुसऱ्या बाजूला रुडॉल्फ अशा तीन शवपेट्या शेजारी शेजारी आहेत. हयातीत क्वचितच एकत्र बसलेले ते तिघे. त्यांच्यासाठी आपण प्रार्थना करू शकतो. आपल्या घरातली माणसे मात्र अजून एका छपराखाली, हाकेच्या अंतरावर आहेत. आज रात्री रोझरी संपल्यावर दिवा लगेच मालवू नका. ज्याचे सगळे छान चालले आहे असे आपण धरून चालतो, त्याच्याजवळ दहा मिनिटे बसा.